वाघ खरा, डोंगर खरा, भेट खोटी

वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा वाघ आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. धाराशिवच्या कुठल्याही चौकात उभे राहा, नाहीतर कळंबच्या बसस्टँडसमोर थांबा. कुणा ना कुणा भाऊंचा वाढदिवस असतोच. मधोमध पांढऱ्या शर्टातले भाऊ, डोळ्यांवर गॉगल, मागे जबडा उघडलेला वाघ, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज चेहरे. वाघ बहुतेक ठिकाणी तोच असतो, कारण तो कुठल्यातरी तयार फाइलमधून आलेला असतो. बार्शीत तोच, लातुरात तोच. भाऊंवर ऊन डावीकडून पडलेलं, वाघावर उजवीकडून. वाघाच्या मिशा कापल्या गेलेल्या, कानाभोवती पांढरी कड राहिलेली.

समीक्षकाने या चित्राला नावं ठेवणं सोपं आहे, पण मला तसं करायचं नाही. या वाघाने आजवर कुणालाही फसवलेलं नाही. भाऊंच्या मागे खरोखर वाघ उभा होता असं शाळेतलं पोरही मानत नाही. देवीच्या कॅलेंडरवरचा सिंह जसा असतो तसाच हा आहे. तो तिथे कुणी पाहिला म्हणून नसतो, देवीचं रूप सांगायला असतो. राजा रविवर्म्याच्या छापखान्याने १८९४ पासून देवादिकांची चित्रं घराघरांत पोचवली. त्यात मॉडेल एकीकडचं, दागिने दुसरीकडचे आणि मागचं तळं तिसरीकडचं असलं तरी कुणाची तक्रार नव्हती. पाहणाऱ्याला माहीत असतं की हे जुळवलेलं आहे. ते माहीत आहे तोवर जुळवणं हा गुन्हा नाही, ती एक कला आहे.

माझा आक्षेप दुसऱ्या प्रकारच्या चित्रांना आहे. तीही जुळवलेलीच असतात, पण साक्ष म्हणून समोर येतात.

येडशीचे तीन वाघ

डिसेंबर २०२४ मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यात लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये एक वाघ आला. हे अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं. बालाघाटाच्या डोंगरांच्या घड्या, मधल्या घळीत रामलिंगाचं मंदिर, पावसाळ्यात धबधबा, बाराही महिने माकडं. अंगावरच्या पट्ट्यांवरून हा नर यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला असल्याचं निघालं. म्हणजे साडेचारशे ते पाचशे किलोमीटरचा प्रवास. मराठवाड्याच्या या भागात कित्येक दशकांत वाघ नव्हता.

खरी बातमी एवढीच होती, आणि ती पुरेशी होती. पण त्या दिवसांत माझ्या फोनवर ‘येडशीचा वाघ’ म्हणून जी चित्रं येत गेली, त्यांतली तीन मी जपून ठेवली आहेत. कुणी बनवली हे कळायला मार्ग नाही. ज्यांनी पाठवली त्यांनाही ती कुणीतरी पाठवलेलीच होती. ती तिन्ही मला इथे नीट वाचून दाखवायची आहेत.

पहिल्या चित्रात वाघ ओढ्यावर पाणी पितोय. मागे दाट हिरवं जंगल, झाडांच्या खोडांवर शेवाळ, हवेत धुकं. चित्र देखणं आहे. पाण्यातलं प्रतिबिंबही बरोबर बसवलंय. पण बालाघाटात डिसेंबरात असं काही नसतं. तिथलं गवत तोवर पिवळं पडून खडखडायला लागतं, ओढे खड्ड्यांपुरते उरतात, उतारांवर उघडे काळे दगड दिसतात. हे चित्र करणाऱ्याने येडशी पाहिलेली असो वा नसो, त्याला ती दाखवायची नव्हती. वाघ म्हटल्यावर डोक्यात जे जंगल येतं ते त्याने लावून दिलं.

दुसऱ्या चित्रात रामलिंगाच्या मंदिराच्या पायऱ्या आहेत, आणि खऱ्या आहेत. पायरीवर वाघ बसलाय आणि बाजूच्या कठड्यावर चार माकडं शांतपणे काहीतरी सोलून खातायत. इथे जागा खरी आहे, पण वागणं खोटं. वाघ दिसल्यावर माकडं असा आरडाओरडा करतात की खालच्या वाटेवरच्या माणसालाही कळतं. जंगलात फिरणारे लोक वाघ डोळ्यांनी दिसण्याआधी या ओरडण्यावरूनच ओळखतात. चित्रातली माकडं सोलून खातायत, कारण त्यांचा फोटो काढला तेव्हा समोर वाघ नव्हता, केळी घेऊन आलेले भाविक होते.

तिसरं चित्र कारागिरीच्या दृष्टीने तिन्हींत सरस आहे. ज्वारीचं रान, संध्याकाळ, बांधावर वाघ. उन्हाचा तांबूस रंग कणसांवरही आहे आणि वाघाच्या पाठीवरही. पंजे गवतात थोडे बुडालेले आहेत. पोटाखाली सावली आहे, आणि ती जमिनीच्या चढउताराप्रमाणे वाकलेली आहे. मागची कणसं जितकी धूसर, तितकीच वाघाची शेपटीही धूसर.

मी स्वतः फोटोशॉप वापरतो, त्यामुळे याला किती वेळ लागला असेल ते मला कळतं. प्राणी कापून घेणं हा त्यातला सोपा भाग. केसांची कड जपायला मास्क नीट करावा लागतो, तेही सवयीने जमतं. अवघड असतो तो प्रकाश. दोन फोटो दोन वेगळ्या वेळी, वेगळ्या उंचीवरून, वेगळ्या लेन्सने काढलेले असतात. जीपमधून खाली बघून टिपलेला वाघ जमिनीलगत टेकवलेल्या कॅमेऱ्याच्या रानात ठेवला, की तो तरंगायला लागतो. क्षितिज कुठे आहे, डोळ्यांत चमकणारा उजेड कुठून आला, पंजा जिथे मातीला टेकतो तिथली सर्वांत काळी रेघ पडली की नाही, हे सगळं जुळावं लागतं. तिसऱ्या चित्रात ते जुळलंय.

आणि म्हणूनच तिन्हींत तेच सगळ्यात वाईट आहे.

पहिलं चित्र पाहून येडशीचा माणूस हसतो. दुसरं पाहून रामलिंगाला जाणारा विचारात पडतो. तिसऱ्या चित्रातला बांध मात्र कुणाचाही असू शकतो. त्यावर गावाचं नाव नाही, खूण नाही. येडशी, बार्शी, कळंब, वाशी, या पट्ट्यात डिसेंबरात ज्याच्या शेतात ज्वारी उभी आहे, त्या प्रत्येकाला तो बांध आपला वाटतो. वाघ खरोखर आलेला होता, त्यामुळे ‘असेल बुवा’ म्हणायला जागाही होती. खुरपायला जाणाऱ्या बायांनी नाही म्हटलं, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. लाईट रात्रीची असते, पाणी द्यायला शेतकऱ्याला अंधारातच जावं लागतं. त्याच्या खिशातल्या फोनवर ते चित्र असतं. चित्र जितकं चांगलं, तितका तो बांध जवळचा.

खोटं नेमकं काय?

अशी चित्रं फिरली की लोक म्हणतात, ‘फेक आहे.’ हा शब्द मला अपुरा वाटतो. त्या चित्रातला वाघ खरा असतो, कुठल्यातरी जंगलात कुणीतरी खरोखर टिपलेला. ज्वारीही खरी असते. खोटी असते ती त्या दोघांची भेट.

वन्यजीवांच्या फोटोत किंमत त्या भेटीलाच असते. नुसता वाघ बघायचा तर प्राणिसंग्रहालयात जास्त स्पष्ट दिसतो. फोटो सांगतो ते असं, की हा प्राणी या जागी, या वेळी होता. म्हणजे इथे त्याला खायला मिळतं, लपायला मिळतं, इथवर यायला वाट आहे, आणि आसपासच्या प्राण्यांनी त्याची दखल घेतली आहे. एका फोटोत त्या जागेबद्दल इतकी विधानं असतात. दोन फोटो जोडणारा ती सगळी विधानं एका झटक्यात करतो, आणि त्यांतल्या एकाचाही त्याच्याकडे पुरावा नसतो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण चीनमधलं आहे. २००६ मध्ये छिंगहाय-तिबेट रेल्वे सुरू झाली. तिबेटी काळविटांच्या स्थलांतराच्या वाटेत ती आडवी येईल अशी चिंता होती, म्हणून त्यांच्यासाठी रुळांखालून मार्ग ठेवले होते. त्याच वर्षी ल्यू वेइच्यांग या छायाचित्रकाराचा एक फोटो गाजला. वर पुलावरून गाडी चाललीय आणि खालून काळविटांचा कळप निवांत पळतोय. चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने वर्षातल्या उत्तम वृत्तछायाचित्रांत त्याला स्थान दिलं. २००८ च्या फेब्रुवारीत इंटरनेटवर कुणीतरी फोटोच्या तळाशी एक बारीक रेघ दाखवून दिली. तो जोड होता. गाडीचा फोटो वेगळा, कळपाचा वेगळा. पुढे त्याने ते मान्य केलं आणि त्याची नोकरी गेली.

गाडीही खरी, काळवीटही खरी. पण डोक्यावरून गाडी धडधडत जाताना हा बुजरा प्राणी असा ओळीत पळेल का, हा प्रश्न त्या रेघेच्या आधीच पडायला हवा होता. रेल्वेचा त्रास होत नाही, हे विधान करायला वर्षानुवर्षं निरीक्षण लागतं. ते त्या फोटोने दोन लेअरमध्ये करून टाकलं. रामलिंगाच्या पायरीवरची माकडं हेच करतात, फक्त त्यांना कुणी बक्षीस दिलेलं नाही.

स्वीडनचा टेरये हेलेसो याला २०१० चा वर्षातला निसर्ग छायाचित्रकार हा सरकारी सन्मान मिळाला होता. २०११ मध्ये त्याच्या एका फोटोतल्या लिंक्स या रानमांजरावर एका जाणकाराची नजर अडली. फोटो जुलैचा, पण लिंक्सच्या अंगावर कोट हिवाळ्याचा होता. तपास झाला तेव्हा कळलं की इतर फोटोंतही प्राणी दुसरीकडून आणून चिकटवले होते. सन्मान काढून घेतला गेला. त्याला पकडणाऱ्याला सॉफ्टवेअरचं ज्ञान लागलं नाही. कोणत्या महिन्यात लिंक्सचे केस कसे असतात, एवढं माहीत होतं. आपल्याकडे ज्याला डिसेंबरातलं बालाघाटाचं गवत माहीत आहे, त्याच्याकडेही हेच हत्यार आहे.

तिसरी गोष्ट तर वाघाचीच. ऑक्टोबर २००७ मध्ये चीनच्या शान्शी प्रांतातल्या एका शेतकऱ्याने दक्षिण चिनी वाघाचे फोटो दाखवले. रानातून संपला असं मानला जाणारा वाघ परत दिसला, म्हणून तिथल्या वनखात्याने पत्रकार परिषद घेतली. पण सगळ्या फोटोंत वाघ एकाच ढंगात बसलेला होता. मग कुणालातरी घरातल्या भिंतीवरच्या छापील चित्रात हाच वाघ सापडला. तेच पट्टे, त्याच जागी. २००८ मध्ये फोटो बनावट असल्याचं जाहीर झालं आणि अधिकाऱ्यांवरही कारवाई झाली. इथे संगणकही नव्हता, कागदी वाघ झुडपात ठेवला होता.

वाघाचे पट्टे म्हणजे त्याची सही. दोन वाघांचे सारखे नसतात. त्याच पट्ट्यांनी येडशीच्या वाघाचं गाव सांगितलं आणि शान्शीच्या वाघाचं कॅलेंडर.

उघडा माळ कुणालाच दाखवायचा नाही

आता पहिल्या चित्राकडे परत येतो, ज्याला आपण हसून सोडलं. दीर्घ मुदतीत मला त्याची जास्त भीती वाटते.

आपल्या डोक्यातलं जंगल हिरवं आणि दाट असतं. ते टीव्हीवरून आलंय, वॉलपेपरवरून आलंय, आणि आता एआयला ‘जंगलातला वाघ’ सांगितलं की तोही तेच देतो. धाराशिव जिल्ह्यातलं रान तसं नाही. खुरट्या बोरी-बाभळी, कुसळीचं गवत, मुरूम, मधूनच एखादी घळ. या रानात लांडगा राहतो, खोकड राहतं, काळवीट राहतं. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातला नान्नजचा माळ माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाला, तो त्यावरच्या गवतासाठी. झाडांच्या गर्दीत माळढोकाला राहताच येत नाही. पण वरवर बघणाऱ्याला हे सगळं ‘पडीक’ दिसतं. आणि पडीक दिसणारी जमीन कशालाही देता येते.

येडशीच्या वाघाला पाचशे किलोमीटरच्या टोकाला हेच रान सापडलं. वाटेतही सलग जंगल नव्हतं. कपाशी, तूर, ऊस, महामार्ग आणि गावं होती. त्याच टिपेश्वरचा आणखी एक वाघ २०१९ मध्ये रेडिओ कॉलर घालून निघाला आणि शेतं, गावं ओलांडत सुमारे तीन हजार किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. हे दोन वाघ सांगतात की ज्याला आपण मधली मोकळी जागा म्हणतो, तीच त्यांची वाट आहे. ही या बातमीतली सर्वांत मोठी गोष्ट होती. शेवाळलेल्या खोडांच्या चित्राने नेमकी तीच पुसली. वाघ ठेवला आणि त्याची वाट काढून टाकली.

पुढे त्या वाघाला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेण्याचं ठरलं. बेशुद्ध करणारी पथकं आली, आठवडे गेले, तरी तो सहज हाती लागेना. बावीस चौरस किलोमीटरचं उघडं वाटणारं रान वाघाला लपवू शकतं, हे त्याने दाखवून दिलं. यावर मात्र मला एकही देखणं चित्र आलं नाही.

खऱ्या फोटोचं काय होतं

कॅमेरा ट्रॅप झाडाला बांधलेला असतो. समोरून उबदार अंगाचं काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. त्यात रचना नसते. प्राणी अर्धा चौकटीबाहेर असतो, रात्री बहुधा रंग नसतात, कोपऱ्यात तारीख आणि वेळ छापलेली असते. फ्लेक्सवर लावायला तो कुणी घेणार नाही. पण कोण, कुठे, कधी याची तीन उत्तरं तो देतो. सजवलेल्या चित्रांची सवय लागलेल्या डोळ्याला हा फोटो फिका वाटतो, आणि इथूनच खरं नुकसान सुरू होतं.

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांत शिरूर-जुन्नर भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. त्याच काळात एआयने बनवलेले बिबटे पुण्याच्या वस्त्यांमध्ये, सोसायट्यांच्या दारांत फिरायला लागले. म्हणजे फोनवर. वनखात्याला कारवाईचा इशारा द्यावा लागला. लखनौमध्ये तर अशा चित्रासाठी एका तरुणाला पोलिसांनी पकडलं. एका खोट्या चित्रामागे माणसं धावली की खऱ्या जागी उशीर होतो, हे उघड आहे. त्याहून हळू चालणारं नुकसान असं, की दहा खोटी चित्रं पाहिलेला माणूस अकरावा खरा फोटो बघूनही ‘एआय आहे’ म्हणतो. ज्याची कालवड खरोखर गेली, ज्याने बांधावरच्या पावलाचा फोटो थरथरत्या हाताने काढला, त्यालाही मग हेच ऐकावं लागतं.

जोडा, पण सांगून जोडा

याचा अर्थ फोटो जोडूच नयेत असा नाही. स्टीफन विल्क्स या छायाचित्रकाराने सेरेंगेटीतल्या एका पाणवठ्यासमोर कॅमेरा एका जागी रोवला आणि २६ तासांत दोन हजारांहून जास्त फोटो घेतले. त्यांतले निवडक जोडून एक चित्र केलं. त्यात एका कडेला रात्र आहे आणि दुसऱ्या कडेला दिवस, आणि हत्ती, झेब्रे, पाणघोडे एकत्र दिसतात. ते एका क्षणी तिथे नव्हते. पण त्या पाणवठ्यावर त्या २६ तासांत प्रत्येक जण खरोखर आला होता. विल्क्सने वेळ दाबून लहान केली, जागेबद्दल खोटं सांगितलं नाही. आणि कसं केलं हे तो स्वतः सांगतो.

निक ब्रँटने २०१६ च्या ‘इनहेरिट द डस्ट’ या मालिकेत आफ्रिकेतल्या प्राण्यांचे फोटो खऱ्या आकारात छापून, जिथे ते एकेकाळी फिरायचे तिथे नेऊन उभे केले. आज तिथे खाणी आहेत, कचऱ्याचे ढीग आहेत. ढिगाऱ्यात हत्ती उभा आहे आणि माणसं आपापली कामं करतायत. इथे भेट खोटी आहे हे चित्रच सांगतं. ती भेट आता होऊ शकत नाही, हाच त्याचा विषय आहे.

असं काम आपल्याकडे कुणीतरी करावं अशी माझी फार इच्छा आहे. वाशी-भूमच्या माळावर पवनचक्क्यांच्या खाली माळढोक. उसाच्या फडाच्या जागी, पूर्वी गवत होतं तिथे काळविटांचा कळप. फोटोशॉप येणारी पोरं प्रत्येक तालुक्यात आहेत. फ्लेक्सच्या दुकानात रात्री अकराला ऑर्डर घेऊन सकाळी सहाला बॅनर देणाऱ्या हातांत ते कसब नक्कीच आहे. चित्राच्या कोपऱ्यात ‘हे जुळवलेलं आहे’ एवढी एक ओळ टाकली, की तेच कसब साक्ष बिघडवायच्या ऐवजी आठवण जपू शकेल.

वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या स्पर्धेत अंतिम फेरीत गेलेल्यांना कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली फाइल दाखवावी लागते. फोनवर आलेल्या चित्राची मूळ फाइल आपण मागू शकत नाही. पण पुढे पाठवण्याआधी गवत बघता येतं. महिना कोणता, गवताचा रंग कोणता, पक्ष्या-माकडांची तोंडं कुणीकडे, सावली कुणीकडे, आणि जागेचं नाव आहे की नुसता ‘आपल्या भागात’ असा मजकूर. धाराशिवच्या माणसाला यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं शिकावी लागत नाहीत, ती त्याला जन्मापासून माहीत असतात. वाघ कसा दिसतो हे जगभरच्या मशिनींना पाठ झालंय. बालाघाटाचं गवत डिसेंबरात कसं दिसतं, हे अजून तरी आपल्यालाच जास्त नीट माहीत आहे.